भिकीचे ताड

इगतपुरी,
३ नोव्हेंबर १९६३

ती. विष्णूदादास,

प्रभाचा नमस्कार. दिवाळीचा डबा पोचला असेल. चकल्या मोडल्या असतील तर दोष पोस्टाचा, माझा नाही.

एक काम सांगते. येत्या जूनमध्ये मी शाळेतून मोकळी होते. हे गेले तेव्हा रेल्वेचा क्वार्टरही गेला, आणि नऊ वर्षं मी भाड्याच्या खोलीत काढली. यांचा फंड पोस्टात तसाच ठेवलाय. त्यात एकच घर होईल. चुकलं तर दुसरं व्हायचं नाही. मला आपल्या डहाणूकडेच यायचंय. दोन खोल्या, विहीर, आणि 'बाई, खोली रिकामी करा' असं कोणी म्हणणार नाही असं दार, एवढंच हवं.

डहाणू रोडला स्टेशनासमोर एकनाथ म्हणून जागांचा दलाल बसतो. माझ्या शाळेतल्या लतिकाबाईंनी घोलवडला घर घेतलं ते त्याच्याच मार्फत. तू एवढं कर, त्याला भेट. माझं भावाबहिणीचं नातं तुझ्याशीच, म्हणून तुला सांगते. मावसबहीण म्हणून टाळू नकोस.

तुझी,
प्रभा

•

डहाणू,
१२ नोव्हेंबर १९६३

चि. प्रभास,

विष्णूदादाचे आशीर्वाद. चकल्या अखंड पोचल्या. मोडतायत ते माझे दात.

तू येणार हे वाचून मी पत्र घेऊन ओट्यावरच बसलो. पुन्हा लहान झालीस बघ माझ्यासाठी. आठवतं का, सुटीत तुम्ही पोरं यायचात आणि मी तुम्हाला ओळीने बसवून कविता म्हणायला लावायचो? सगळ्यांत मोठा आवाज तुझा आणि सगळ्यांत जास्त चुकाही तुझ्याच. त्या ओळींत डोंगर असायचे, पाखरं असायची, झाडं तर असायचीच. अजून सकाळी तोंड धुताना त्याच ओळी ओठांवर येतात. परवा सून म्हणाली, "मामंजी, दात घासा आधी, मग झाडं लावा."

पण दलाल कशाला गं? पस्तीस वर्षं मी या तालुक्यात शिकवलं. झाईला उतरलो काय नि चारोटीला उतरलो काय, कोणीतरी "गुरुजी, चहा" म्हणत पुढे येतंच. आणि मी स्टेशनासमोरच्या बाकड्यावर जाऊन सांगू, की बाबा रे, माझ्या बहिणीला घर दाखव? जागा ही मनाला भेटावी लागते. मध्ये तिसरा माणूस आला की भाजीपाला होतो तिचा.

माझ्या डोळ्यांसमोर एक जागा आहेही. माझ्याबरोबर शिकवणारे चुरीमास्तर तुला आठवत असतील. त्यांचा प्रल्हाद आता मुंबईला असतो. विवळवेढ्याहून तलासरीकडे जाताना हमरस्त्याच्या आत त्यांचं बैठं घर आहे, बिनशेतीचा तुकडा. तो विकायचं म्हणतोय. मी जाऊन बघतो. तू निश्चिंत राहा.

तुझा,
विष्णूदादा

•

इगतपुरी,
२ डिसेंबर १९६३

ती. दादास,

कुलमुखत्यारपत्र सोबत पाठवते आहे. मला शाळा सोडून येता येत नाही, म्हणून सही-सौदा सगळं तुझ्या हाती.

पण एकनाथला भेटल्याशिवाय काही करू नकोस. लतिकाबाईंना मी मुद्दाम विचारलं, की त्याने असं काय केलं. त्या म्हणाल्या, "पहिली दोन घरं त्यानेच घेऊ दिली नाहीत." त्यांच्या भावाला तो भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता घेऊन गेला. विहिरीचं पाणी स्वतः प्यायला. मग मालकाला ओट्यावर बसवून ठेवलं आणि आपण शेजाऱ्यांकडे जाऊन तासभर बोलत बसला. मालक चिडला, तर म्हणाला, "शेठ, तुम्ही विकून जाणार. राहणार ते."

मला असा माणूस मध्ये हवा आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तू चांगलं तेवढंच बघतोस म्हणून.

प्रभा

•

डहाणू,
२० जानेवारी १९६४

चि. प्रभास,

आशीर्वाद. बस खाली आणि मग वाच. तुझं घर झालं!

गेल्या शुक्रवारी कागद नोंदवला. प्रल्हाद मुंबईहून आला होता, वाकून नमस्कार केलान्. एकनाथचं वगैरे सगळं आवरलं, त्याची काळजी तू करू नकोस. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर, पाणी एवढं वर की वाकलं तर बोटं बुडतील. आंब्याला मोहोर आलाय. पलीकडे वारल्यांचा पाडा आहे, दहा-बारा झोपड्या, शांत माणसं.

आता खरी गंमत सांगतो. ओट्यावर बसलं की समोर महालक्ष्मीचा डोंगर, पण अर्धाच दिसायचा. मध्येच ताडाची तीन उंच झाडं. मी एक दिवस तिथे बसून राहिलो आणि मनात आलं, आपली प्रभा नऊ वर्षं खोलीच्या भिंतीकडे बघत उठली, तिला आता सकाळी उठल्या उठल्या पुरा डोंगर दिसला पाहिजे. तर ते तीन ताड मी काढून टाकले! बाजूचे दोन ठेवलेत, शोभेला. आता डोंगर असा दारात येऊन उभा राहतो की वाटतं पाटच मांडावा.

माणसं मिळवायला मात्र त्रास झाला. पाड्यातल्या लक्ष्याला सांगितलं, तर म्हणे अंग दुखतं. दुसऱ्याला विचारलं, त्याचंही अंग दुखतं. सगळ्या पाड्याचं अंग एका दिवशी दुखायला लागलं. शेवटी डहाणूहून दोघांना एस.टी.ने नेलं. तोडताना पाड्यातली एक म्हातारी येऊन उभी होती. मी तिच्याशी झाडांविषयी चार शब्द बोललो. ती काही बोलली, मग गप्प उभी राहिली. या लोकांनाही झाडाची माया असते बघ.

तुझा,
विष्णूदादा

•

इगतपुरी,
२ फेब्रुवारी १९६४

ती. दादास,

पत्र वाचताना वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी रडत होते का हसत होते, मलाच ठाऊक नाही. डोंगराचं तू केलंस ते तूच करावंस.

एकनाथरावांना आजच कार्ड टाकलं आणि आभार मानले. त्यांची दलाली किती ते तू लिहिलं नाहीस, म्हणून त्यांनाच विचारलं आहे. आपल्या माणसाने उन्हातान्हात एवढं केलं, तर त्याचं त्याला वेळेवर जायला हवं.

प्रभा

•

डहाणू रोड,
११ फेब्रुवारी १९६४

मास्तरसाहेबांस,

एकनाथचा रामराम. माझं लिखाण दुकानी आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

इगतपुरीच्या ताईंचं कार्ड आलं. त्यात माझे आभार मानलेत. या धंद्यात काम झाल्यावर लोक ओळख देत नाहीत, म्हणून आभार वाचून मला भीती वाटली. म्हटलं, आपल्या नावावर काय झालंय ते बघून तरी येऊ. परवा तलासरीच्या गाडीने गेलो.

घर बरं आहे. प्रल्हादभाईचा कागद साफ आहे, रजिस्ट्रारकडे बघितला. विहिरीचं मी वैशाखाशिवाय सांगत नाही. पण मास्तर, जमीन प्रल्हादभाईची होती, ताड त्याचे नव्हते. आपल्याकडे जमीन एकाची नि झाड दुसऱ्याचं, यात नवीन काही नाही. पाचही ताड पाड्यातल्या भिकीचे. तिच्या बापाने तिला लग्नात दिले, आणि प्रल्हादभाईच्या आज्याने तेव्हा चार माणसांत हो म्हटलं होतं. सातबाऱ्यावर ते नाही, पण पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सांगितलंच मला.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत ती ताडगोळे विकते. त्यावर पावसाळ्याचं भात भरते. छपराला पान त्याच ताडांचं. तुम्ही पाडले ते तीन फळते होते. राहिलेत त्यांतला एक नर, त्याला फळ येत नाही. नवीन ताड लावला तर फळाला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि भिकी साठीची आहे. ज्याचं अंग दुखत होतं तो लक्ष्या तिच्या बहिणीचा मुलगा.

माझ्या धंद्याला लोक नावं ठेवतात, ठेवू देत. जागेवर गेलो की मी पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारतो, "बाबा, इथे तुझं काय काय आहे?" मला पैसे मिळतात ते एवढ्याचेच. बाकी जागा काय, डोळे असलेल्या कोणालाही दिसते.

ताईंना मी उत्तर टाकलेलं नाही. ते तुम्ही द्यावं. आठ-पंधरा दिवस थांबतो.

आपला,
एकनाथ

•

डहाणू,
१ मार्च १९६४

प्रभा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

एकनाथचं पत्र सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच. ते माझ्याकडे अठरा दिवस आहे. या अठरा दिवसांत मी तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी कुठे ना कुठे बरा माणूस होतो, म्हणून फाडली.

एकनाथला मी भेटलोच नव्हतो. 'आवरलं' असं लिहिलं ते खोटं होतं. दलाली वाचवायची होती असंही नाही. तुझ्यासाठी मीच जागा शोधली, असं मला तुला सांगायचं होतं. मध्ये तो आला असता तर त्याने शोधली असं झालं असतं. अडुसष्टाव्या वर्षी एवढासा मोह, आणि तोही आवरला नाही.

आता एकनाथला जे माहीत नाही ते सांगतो. रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर प्रल्हाद मला म्हणाला होता, "गुरुजी, झाडांचं तेवढं भिकीशी बोलून घ्या." मी हो म्हटलं. कोण भिकी, हेही विचारलं नाही. त्या वेळी मी त्याला त्याच्या वडिलांची एक आठवण सांगत होतो, ती मला पुरी करायची होती.

आणि तोडताना जी म्हातारी उभी होती म्हणून मी तुला लिहिलं, ती भिकीच. 'काही बोलली' असं लिहून मी मोकळा झालो होतो. काय बोलली ते ऐक. पहिल्या झाडाला कुऱ्हाड लागली तेव्हा ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "गुरुजी, ही ताडां माझी. माझे बापाने लगनात दिलेली." मराठीत, सरळ, मला कळेल असं. आणि मी काय म्हटलं, माहीत आहे? मी हसून म्हटलं, "अगं, झाडं कोणा एकाची नसतात. सूर्य, वारा, झाड, सगळ्यांचं." वर्गात मुलांना सांगायचो तसंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दुसरं झाड पडलं, मग तिसरं. ती तिथून हलली नाही. मला वाटलं, माझं बोलणं तिला पटलं.

पस्तीस वर्षं झाडांच्या ओळी पाठ करून घेतल्या गं मी. झाड कोणाचं, हा प्रश्न त्यांतल्या एकाही ओळीत नव्हता, आणि मलाही कधी पडला नाही.

आता त्या ओट्यावर जायची हिंमत नाही. डोंगर पुरा दिसतो, हेच सहन होत नाही. काय करू ते तू सांग. रागाव, पण सांग.

विष्णू

•

इगतपुरी,
९ मार्च १९६४

दादा,

रागावले आहे. माझी खिडकी मोकळी करायला तू एका बाईचा चैत्र तोडलास. आणि मी त्यावर 'तूच करावंस' असं लिहून बसले. ते वाक्य मला आता रोज आठवतं.

तू तिला पैसे देऊन येशील, अशी मला भीती वाटते. हातात नोटा ठेवशील, डोळ्यांत पाणी आणशील, आणि ती बिचारी गप्प राहील, कारण तू गुरुजी. असं करू नकोस. एकनाथरावांकडे जा. आधी जायला हवं होतंस म्हणून नाही. आता जास्त गरज आहे म्हणून. मध्ये कोणी नसलं की तू बोलत राहतोस आणि समोरच्याला ऐकावं लागतं. तो मध्ये असला तर ती बोलेल.

त्यांनी मागितली तर दलाली पुरी द्यायची. घासाघीस करायची नाही.

घर माझ्या नावावर आहे, म्हणजे हे कर्मही माझ्याच नावावर आहे. भिकीचं ठरत नाही तोवर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. जूनमध्ये खोली सुटली तर धर्मशाळेत राहीन. क्षमेचं नंतर बघू.

प्रभा

•

डहाणू,
२८ एप्रिल १९६४

चि. प्रभास,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी स्टेशनासमोरच्या बाकड्यावर गेलो. एकनाथ जाडासा, पान खाणारा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी सुरुवात केली, "एकनाथराव, माणसाच्या हातून—" तर म्हणाला, "मास्तर, चहा घ्या. ते तिकडे बोलायचं आहे." मग पुढे महिनाभर त्याने मला तिकडे नेलंच नाही. तो एकटाच दोनदा जाऊन आला. मी विचारलं तर म्हणे, "अजून पाडा रागात आहे. रागात माणूस कमी मागतो आणि मग जन्मभर चिडतो. थांबा जरा." हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

गेल्या बुधवारी दोघं गेलो. गाडीत त्याने बजावलं, "तिथे मी बोलेन, भिकी बोलेल, पाडा बोलेल. तुम्ही लिहायचं. अक्षर चांगलं आहे तुमचं, ते कामाला येऊ दे." भर दुपारी बाराला पोचलो. पहिल्यांदा तो विहिरीवर गेला. पाणी तळाला आहे प्रभा, पण आहे. "पुरेल," म्हणाला, "एकट्या बाईला पुरेल. पाड्यालाही थोडं सुटेल."

तीन बुंधे तसेच आहेत. लक्ष्या, त्याची आई बुधी आणि पाड्यातली पाच-सहा माणसं आंब्याखाली बसली होती. मी दिसताच लक्ष्या म्हणाला, "गुरुजी, आज माझं अंग बरां आहे." सगळे हसले. मला हसता येईना, मान खाली घालून वही उघडली.

एकनाथने विचारलं, "भिकी, या जमिनीवर तुझं काय काय आहे?"

ती बुंध्यांकडे बघत राहिली. बुधीने कोपर मारलं, "तो पुसतो तं सांग ना." मग सांगू लागली. राहिलेले दोन ताड. विहिरीवर यायची वाट, घराच्या उजव्या अंगाने. कुंपणाचं गवत, ते ती दसऱ्यानंतर कापते. कोपऱ्यातला शेंदराचा दगड, त्याला वर्षातून एकदा नारळ. आणि त्या दगडामागे तिचं एक मूल पुरलंय, तिथे कोणी खणायचं नाही. मी वर बघितलं. तिथे मी तुझ्यासाठी जास्वंद लावायचं ठरवलं होतं, प्रभा. खड्ड्याची जागा काठीने आखूनही ठेवली होती. ती रेघ अजून दिसत होती. मी लिहीत गेलो.

पाडलेल्या ताडांची खोडं तिची. लक्ष्या त्यांचे वासे करील. तिच्या जत्रेचं जे बुडालं ते ती हयात असेतो दर चैत्रात माझ्या पेन्शनमधून, एकनाथच्या हातून. माझ्या हातून नको, असं तिनेच सांगितलं. एकनाथ हा पुरवणी कागद नोंदवून घेणार आहे, म्हणजे उद्या तुझ्यानंतर घर कोणाकडेही गेलं तरी भिकीचं भिकीकडे राहील. दलाली त्याने पुरी घेतली, आणि ती देताना मला बरं वाटलं.

कालपासून जत्रा भरली आहे. काल मी गेलो होतो. भिकी एका ताडाचे ताडगोळे घेऊन बसली होती. टोपली लहान होती, दुपारीच रिकामी झाली. मी लांबूनच बघितलं आणि परतलो.

हो, बुधवारी तिने तुझं विचारलं. "ती बाई कधी येते?" एकनाथ म्हणाला, "जूनमध्ये." ती म्हणाली, "येऊ दे. एकटी आहे ना? येऊ दे." तेव्हा तू खुशाल ये. पण डोंगर बघायला ये असं मी म्हणणार नाही.

त्या दिवसाचं एक राहिलं. भिकीचा कागद संपला असं समजून मी खाली रेघ ओढायला गेलो. तेवढ्यात भिकी म्हणाली, "ती तीन पन लिही."

मी म्हटलं, "भिकी, ती आता नाहीत गं."

ती म्हणाली, "म्हनून लिही."

मी लिहिलं: ओट्यासमोर तीन ताड, फळते, भिकीच्या बापाने भिकीला लग्नात दिलेले, जानेवारी १९६४ मध्ये तोडले. कोणी तोडले, ते लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी लिहिलं, पूर्ण नावानिशी, आणि वाचून दाखवलं.

विष्णू